माउंट व्हर्नन आणि तिथला ‘जिवंत इतिहास’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की आमच्या उत्तर व्हर्जिनियात भारतातून आई-बाबा, सासू-सासरे, मावश्या-आत्या यायला लागतात. व्हाइट हाउस, स्मारकं, म्युझियम झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी माउंट व्हर्ननचं नाव काढतं. जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, पोटोमॅक नदीच्या काठावर, राजधानीपासून साधारण १५ मैलांवर. मी इतक्या जणांना घेऊन तिथे गेले आहे की निघण्याआधी, गाडीत आणि परतताना येणारे प्रश्न आता पाठ झालेत. घराच्या खोल्यांची माहिती कुठेही मिळते. इथे मी जास्त लिहिलंय ते तिथे माणसं प्रत्यक्ष करून दाखवतात त्या कामांबद्दल, आणि ती कामं मुळात ज्यांनी केली त्यांच्याबद्दल.

‘जिवंत इतिहास’ म्हणजे नेमकं काय? नाटक असतं का?

थोडं नाटक, बरंचसं काम. काचेच्या कपाटात ठेवलेली सांडशी बघणं वेगळं आणि त्याच सांडशीत धरलेलं लालभडक लोखंड ऐरणीवर घण खाताना बघणं वेगळं. ही कल्पना अमेरिकेची नाही. स्टॉकहोममध्ये १८९१ साली स्कान्सेन नावाचं उघड्यावरचं संग्रहालय सुरू झालं, जुनी घरं उचलून आणून त्यांत माणसं कामाला बसवली, तिथपासून ही पद्धत पसरली. व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग हे अख्खं गाव १९२६ नंतर याच धर्तीवर पुन्हा उभं केलं गेलं.

माउंट व्हर्ननला दोन तऱ्हेची माणसं भेटतील. पहिली प्रथमपुरुषी: स्वतःच वॉशिंग्टनची बायको मार्था होऊन बोलणाऱ्या. ‘काल जनरलसाहेब शेतावरून उशिरा परतले’ अशी भाषा. त्यांना मोबाइल, विमान काही माहीत नसतं. दुसरी तृतीयपुरुषी: अंगावर अठराव्या शतकातले कपडे, पण बोलतात आजच्या माणसासारखे. लोहारशाळेत, शेतावर बहुतेक हे दुसरे भेटतात. माझा अनुभव असा की खरं ज्ञान या दुसऱ्यांकडून जास्त मिळतं, कारण ‘हे आम्हाला कशावरून कळलं’ हे ते सांगू शकतात.

हा काळ आपल्या हिशेबाने कुठला?

हा प्रश्न बाबा लोकांचा, आणि मला फार आवडतो. वॉशिंग्टनचा जन्म १७३२ चा, म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या हयातीतला. माउंट व्हर्ननची कायदेशीर मालकी त्याच्याकडे आली १७६१ मध्ये, पानिपताच्या वर्षी. तो गेला १४ डिसेंबर १७९९ रोजी. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीरंगपट्टणला टिपू पडला होता, आणि पुढच्या मार्चमध्ये नाना फडणवीस गेले.

आणखी एक धागा. १७८१ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, यॉर्कटाउनला वॉशिंग्टनसमोर ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बाजूने उभे होते. हे सांगितल्यावर वॉशिंग्टन एकदम परका वाटेनासा होतो.

जागा सरकारी आहे का?

नाही. १८५३ मध्ये अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या साउथ कॅरोलायनातल्या बाईने, आईने बोटीतून पाहिलेल्या पडझडीचं पत्र वाचून, देशभरातल्या बायकांना साद घातली. बायकांना मताचा अधिकारही नव्हता तेव्हा. त्यांनी वर्गणी गोळा करून १८५८ साली दोन लाख डॉलरला घर आणि जमीन विकत घेण्याचा करार केला. आजही तीच महिलांची संस्था जागा सांभाळते आणि केंद्र सरकारचा पैसा घेत नाही. तिकिटाची रक्कम पाहून कोणी कुरकुर केली की मी हे सांगते.

आमच्याकडे तीनच तास आहेत. एकच प्रात्यक्षिक पाहायचं तर कुठलं?

नदीकाठच्या शेतावरचं सोळा बाजूंचं खळं. बिनदिक्कत. बहुतेक पाहुणे घर पाहून, अंगणात फोटो काढून परततात आणि उतारावरून खाली शेतापर्यंत जातच नाहीत, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

गोष्ट अशी. वॉशिंग्टनने १७६० च्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला. तंबाखू जमीन खातो आणि भाव लंडनचे दलाल ठरवतात, हे त्याला उमगलं होतं. गहू आला तसा मळणीचा प्रश्न आला. तिथली रीत आपल्यासारखीच: उघड्या जमिनीवर पेंढ्या पसरायच्या आणि जनावरं फिरवायची. आपल्याकडे खळं शेणाने सारवून, मधोमध मेढ रोवून बैलांची पात धरतात. तिथे घोडे. त्रास मात्र सारखाच. अवकाळी पाऊस, माती, शेण, वाया जाणारे दाणे.

मग त्याने स्वतः कागदावर आराखडा काढला, विटासुद्धा मोजल्या: ३०,८२०. आणि दोन मजली, जवळजवळ गोल इमारत डोग रन नावाच्या आपल्या शेतावर बांधवून घेतली. बांधणारे सुतार गुलामगिरीतले होते. घोडे मातीच्या चढणीवरून थेट वरच्या मजल्यावर जातात. तिथे गव्हाच्या पेंढ्या पसरलेल्या असतात आणि घोडे त्यांवरून गोल गोल दुडक्या चालीने फिरतात. जमिनीच्या लाकडी पट्ट्यांमध्ये साधारण दीड इंचाच्या फटी ठेवलेल्या आहेत. दाणा सुटतो आणि फटीतून खाली पडतो, पेंढा वरच राहतो. खाली उफणायचं, भरायचं. पाऊस येवो, रात्र होवो.

मूळ इमारत काळाच्या ओघात गेली. आत्ताची १९९६ मध्ये जुन्या आराखड्यावरून उभारलेली प्रतिकृती आहे. मळणीचं प्रात्यक्षिक उन्हाळ्यात असतं. विदर्भातले एक आजोबा माझ्याबरोबर आले होते, त्यांनी आत शिरल्याबरोबर मान खाली घालून फटी न्याहाळल्या आणि म्हणाले, “हे ज्यानं केलं त्यानं खळ्यात दिवस काढलेत.” इतिहासाच्या दृष्टीने पाहिलं तर खळ्यात दिवस काढणारे दुसरेच होते. ते पुढे येतंच.

लोहारशाळा, सूतकताई वगैरे मुलांना आवडेल का?

लोहारशाळा नक्की. भात्याचा आवाज, ठिणग्या, आणि दहा मिनिटांत डोळ्यांदेखत तयार होणारा खिळा किंवा आकडा. मूळ जागीच २००९ मध्ये ती पुन्हा बांधली. वॉशिंग्टनच्या काळात इथे नॅट आणि जॉर्ज हे दोघे गुलामगिरीतले लोहार काम करत. नांगराचे फाळ, खुरपी, घोड्यांचे नाल हे सगळं त्यांच्या हातचं. शिवाय शेजारीपाजारी शेतकरीही काम घेऊन येत आणि पैसा मालकाच्या वहीत जमा होई.

लोकर पिंजणं आणि कातणं शांत काम आहे, लहान मुलं कंटाळतात, आज्या मात्र हलत नाहीत. एका आजीने चाती हातात घेऊन धागा कसा तुटू द्यायचा नाही हे त्या बाईंनाच दाखवलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

जनावरंही बघा. हॉग आयलंड मेंढ्या, तांबड्या डेव्हन गाई, ऑसाबॉ डुकरं: आता दुर्मीळ झालेली, त्या काळाशी नातं सांगणारी वाणं मुद्दाम जोपासली आहेत. खेचरांची गोष्ट वेगळी सांगायला हवी: १७८५ मध्ये स्पेनच्या राजाने वॉशिंग्टनला एक जातिवंत गाढव भेट दिलं, आणि त्यापासून त्याने खेचरांची पैदास सुरू केली. शेतीला घोड्यापेक्षा खेचर काटक, हे तो शेजाऱ्यांना पटवत राही.

वेशातल्या बाईंना काय विचारायचं? आईला इंग्रजी नीट येत नाही.

तुम्ही दुभाषे व्हा, लाजू नका, त्यांना सवय आहे. प्रश्न कामाचा विचारा. ‘तुम्हाला कसं वाटतं’ असं विचारलं तर उत्तर गोडगोड मिळतं. ‘आज घरी जेवायला किती माणसं आहेत आणि चुलीपाशी कोण आहे’ असं विचारलं तर खरं घर उघडतं. मार्थाबाईंच्या भूमिकेतल्या बाईंना मी एकदा कुलूप-किल्ल्यांबद्दल विचारलं होतं: कोठीच्या चाव्या कोणाकडे असतात? त्या प्रश्नावर वीस मिनिटं निघाली. साखर किती महाग, मांस खारवायचं कधी, कुलूप कशाकशाला. आपल्याकडच्या जुन्या घरातल्या सासूबाईच बोलत होत्या जणू.

तिथे गुलाम होते ना? ते दाखवतात की झाकतात?

दाखवतात. पूर्वी नोकर-चाकर म्हणून विषय टाळला जाई, आता तसं नाही. आणि हाच भाग सोडून आलात तर माउंट व्हर्नन पाहिलं असं मी म्हणणार नाही.

१७९९ मध्ये वॉशिंग्टनने यादी करवून घेतली. पाच शेतांवर मिळून ३१७ माणसं गुलामगिरीत होती. त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीची, १५३ मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीची, आणि ४१ भाड्याने आणलेली. मृत्युपत्रात त्याने आपल्या १२३ जणांना मार्थाच्या पश्चात मोकळं करायला सांगितलं. मार्थाने १ जानेवारी १८०१ लाच त्यांना मुक्त केलं. विल्यम ली हा त्याचा युद्धातला सोबती लगेच मुक्त झाला, त्याला वर्षाला ३० डॉलरचं वेतन ठरलं. उरलेल्या १५३ जणांना मोकळं करण्याचा हक्क कायद्याने दोघांनाही नव्हता. १८०२ मध्ये मार्था गेल्यावर ते तिच्या नातवंडांत वाटले गेले. आता यात लग्नं कशी झाली होती याचा विचार करा. नवरा १२३ मधला, बायको १५३ मधली. तो मोकळा, ती आणि मुलं कोणा एका नातवाच्या वाट्याला.

खालच्या शेतावर एका खोलीची लाकडी झोपडी आहे, तिच्यात शिरून उभे राहा. डोग रनवर राबणारी प्रिसिला आपल्या सहा मुलांना घेऊन अशाच झोपडीत राहत होती. नवरा जो, चर खणणारा, मुख्य घराच्या शेतावर. शनिवारी रात्री काम संपल्यावर चालत यायचा. सूर्योदय ते सूर्यास्त काम, आठवड्याचे सहा दिवस. शिधा म्हणजे मक्याचं पीठ आणि पोटोमॅकचे खारवलेले हेरिंग मासे. आमच्या कोकणातल्या मंडळींना खारं म्हटल्यावर चव लगेच कळते, पण तेच रोज, वर्षानुवर्षं, आणि निवड नाही, हे थांबून समजून घ्यावं लागतं.

पळून गेलेल्यांच्याही गोष्टी तिथे सांगतात. ओना जज ही मार्थाची खास दासी १७९६ च्या मेमध्ये फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून, मंडळी जेवायला बसली असताना निघून गेली आणि न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, ती आली नाही. म्हातारपणी तिने स्वतःची हकिकत सांगून ठेवली.

मुलांना हे कसं सांगायचं? माझी मुलगी आठ वर्षांची आहे.

खरं सांगायचं, थोडं सांगायचं, आणि नावानिशी सांगायचं. ‘गुलाम’ हा शब्द माणसाचा प्रकार असल्यासारखा वापरला जातो. तिथली मार्गदर्शक मंडळी ‘गुलामगिरीत ठेवलेली माणसं’ म्हणतात. फरक छोटा वाटतो, पण ठेवणारं कोणीतरी होतं हे त्यात येतं. ‘लोहार नॅट’ म्हणा, ‘आचारी हर्क्युलिस’ म्हणा.

आणि आपल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा ते अर्पण केलं ते अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथली गुलामगिरी नाहीशी करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांनी हे नातं ओळखलं होतं. व्हर्जिनियात राहून आपल्या मुलांना ते माहीत नसावं हे मला पटत नाही. जातीबद्दल मुलं विचारतील. विचारू द्या.

पण अशा भूमिका कोणी करून दाखवाव्यात का? पाहायला अवघडल्यासारखं होतं.

व्हायलाच हवं. हा वाद जुना आहे. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम्सबर्गला गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला, तेव्हा निदर्शनं झाली. कोणी म्हणालं यातनेचा तमाशा करू नका, आणि पाहिल्यावर काहींनी मत बदललंही. माउंट व्हर्ननला कॅरोलाइन ब्रॅनहॅमच्या रूपात बोलणारी कलाकार मी पाहिली आहे. कॅरोलाइन ही घरातली दासी, शिवणकाम करणारी. वॉशिंग्टनने प्राण सोडला तेव्हा त्या खोलीत ती हजर होती. आणि ती १५३ मधली, म्हणून त्या मृत्युपत्राने तिला काहीच मिळालं नाही. ती कलाकार अंथरूण नीट करता करता बोलत होती. किंचाळणं नाही, रडणं नाही. भूमिका कामातून उभी राहिली की मला पटते. प्रेक्षकांना रडवायला केली की नाही पटत. एवढंच माझं मत.

स्वयंपाकघरात काय बघायचं?

घरापासून वेगळं, छताच्या वाटेने जोडलेलं. आगीची भीती, धूर, उष्मा यांसाठी. वॉशिंग्टनची न्याहारी ठरलेली: मक्याच्या पिठाचे ‘होकेक’, लोणी आणि मधात बुडवलेले. मार्थाची नात नेली हिने लिहून ठेवलेली कृती वाचली तेव्हा मी हसलेच: रात्री पीठ, यीस्ट आणि कोमट पाणी कालवून चुलीच्या उबेला ठेवायचं, सकाळी उरलेलं पीठ घालून तव्यावर सोडायचं. आंबोळीच ती! घरी करून बघा, मक्याचं पांढरं पीठ इथे सहज मिळतं.

तो तवा हाताळणारा हर्क्युलिस त्या काळातला नावाजलेला आचारी. २२ फेब्रुवारी १७९७ ला, म्हणजे वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशी, तो निघून गेला. त्याआधी काही महिने त्याला स्वयंपाकघरातून काढून विटा-मातीच्या कामाला लावलं होतं.

गिरणी आणि दारूची भट्टी त्याच आवारात आहे का?

नाही, सुमारे तीन मैल दूर, गाडीने जावं लागतं, आणि थंडीच्या महिन्यांत बंद असते. पाणचक्कीवर चालणारी गिरणी खऱ्या अर्थाने चालते: दगड फिरतात, दळण पडतं, सगळी इमारत अंगाखाली थरथरते. १७९१ मध्ये इथे ऑलिव्हर इव्हान्सची यंत्रणा बसवली. पट्ट्यावरच्या लहान लहान वाट्या धान्य आपोआप वर नेतात, हातांनी पोती चढवायची गरज नाही. यंत्रांत रस असणाऱ्यांनी इथे अर्धा दिवस ठेवावा.

भट्टी १७९७ ची, जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाची कल्पना. १७९९ मध्ये सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. देशातल्या सर्वांत मोठ्या भट्ट्यांपैकी एक. हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी हे सहा जण ती चालवत, तेही गुलामगिरीत. मूळ भट्टी १८१४ मध्ये जळाली, आत्ताची २००७ पासून खुली आहे.

वॉशिंग्टनचे दात खरंच लाकडाचे होते?

नाही. कवळी संग्रहालयात आहे. हस्तिदंत, जनावरांचे दात आणि माणसांचे दात. १७८४ च्या हिशेबात नऊ दातांसाठी कृष्णवर्णीयांना १२२ शिलिंग दिल्याची नोंद सापडते. मुलं या कपाटासमोर गर्दी करतात, पाटी मात्र मोठ्यांनी वाचावी.

वयस्कर मंडळींना झेपेल का? कधी जावं?

आजची जागा साधारण ५०० एकर आहे आणि शेताकडचा उतार परतताना चढ होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी खाली जाऊन मग घर पाहावं, अंगात जोर असतो तोवर. नदीकडच्या ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथे बसलं की कोणाला उठावंसं वाटत नाही. घरात शिरायला वेळ ठरवून दिलेलं वेगळं तिकीट लागतं, आधी काढा. जागा वर्षाचे सर्व दिवस उघडी असते, पण प्रात्यक्षिकं ऋतूप्रमाणे बदलतात. त्या दिवसाचं वेळापत्रक संकेतस्थळावर पाहूनच निघा. मळणीसाठी उन्हाळा, लोकर आणि कोकरांसाठी वसंत. नाताळात उंट असतो: १७८७ च्या नाताळात वॉशिंग्टनने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी १८ शिलिंग देऊन उंट आणवला होता.

आपल्याकडे असं काही आहे का?

कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. बारा बलुतेदारांचं गाव, पण पुतळ्यांतून. गोव्यात बाणावलीला ‘गोवा चित्र’ शेतीची आणि कारागिरांची जुनी अवजारं जपतं. माणसाने रोज भाता ओढून, मोट चालवून, पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत असा एखादा वाडा आपल्याकडे व्हावा असं मला मनापासून वाटतं. मोट हाकताना म्हणायची गाणी, पात धरायची रीत ज्यांना अंगातून येते ती पिढी अजून आहे.

निघताना काय चुकवू नये?

वॉशिंग्टनच्या समाधीवर रोज पुष्पचक्र वाहतात, तिथे गर्दी असते. तिथून थोडं पुढे झाडीत गुलामगिरीतल्या माणसांची दफनभूमी आहे. १९२९ मध्ये तिथे एक शिळा बसवली गेली, आणि १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रेखाटलेलं स्मारक झालं. कबरींवर नावं नाहीत. २०१४ पासून पुरातत्त्व विभागाची माणसं वरची माती हलक्या हाताने बाजूला करून कबरीच्या खुणा शोधतात, जागा नोंदवतात आणि पुन्हा माती लोटतात. आतल्या कोणालाही हात लावत नाहीत. काम चालू असेल तर त्यांना खुशाल विचारा, आतापर्यंत किती सापडल्या. खुरपं खाली ठेवून सांगतात.